मधोमध खणलेली विहीर

कुसुमताईंचं कार्ड येऊन सात आठवडे झाले होते आणि लक्ष्मणरावांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. कार्डावर मजकूर फारसा नव्हताच. "दाराशी पाणी लागलं का? लागलं असेल तर येते. नसेल तर इथं खेडला भावाकडे मला काही कमी नाही. उलटटपाली कळवावे." पुण्याच्या एका छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासलेल्या माणसाला त्यात एकही चूक सापडेना, हीच मोठी अडचण होती.

निवृत्तीनंतर शांतता मिळावी म्हणून लक्ष्मणरावांनी चिंचवडबाहेरच्या माळावर दोन खोल्या बांधल्या होत्या. शांतता भरपूर मिळाली, पाणी मिळालं नाही. कुसुमताईंनी वर्षभर पवना नदीवरून हंडे वाहिले. शेजारच्या सोजराबाईंची जुनी विहीर होती, पण ती संक्रांतीलाच तळ दाखवायची. शिवाय सोजराबाईंच्या शेळीनं कुसुमताईंच्या वाळत घातलेल्या कुरडया खाल्ल्यापासून दोघींचं बोलणं बंद होतं. काही सांगायचंच झालं, तर त्या शेळीला सांगत. "तुझ्या मालकिणीला म्हणावं," असं कुंपणाच्या अलीकडून सुरू होई आणि पलीकडून उत्तरही शेळीच्याच नावानं येई. शेवटी कुसुमताईंनी हंडा पालथा घातला आणि खेडची एस.टी. पकडली.

कार्ड आलं त्याच आठवड्यात लक्ष्मणरावांनी हिंदुराव पाणाड्याला बोलावलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून हिंदुराव अनवाणी माळभर फिरला. सोजराबाईंच्या शेराच्या कुंपणापाशी नारळ ताडकन उभा राहिला.

"हितं! डोळं झाकून खना, मास्तर. खाली पाताळगंगा हाय." चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाला तिकडे मास्तरच म्हणत.

लक्ष्मणराव चुळबुळले. भूगर्भशास्त्रावरचं एक पुस्तक त्यांनी छापखान्यात तीन वेळा वाचलं होतं. आपल्याकडचा खडक म्हणजे थरावर थर. काळ्या पाषाणात पाणी नसतं, ते असतं दोन थरांच्या सांध्यात, आणि जातं उताराकडे. त्या हिशेबानं जागा पार दुसऱ्या टोकाला, निंबाखाली येत होती.

"पुस्तक म्हणतं, तिकडे निंबापाशी..."

"पुस्तकाच्या हातात नारळ हाय का?" हिंदुरावनं विचारलं.

हिंदुरावला नाही म्हणायचा लक्ष्मणरावांना धीर होईना आणि पुस्तकाला नाही म्हणायची छाती होईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतळी घेऊन कुंपण ते निंब अंतर मोजलं, सुतळीची बरोबर घडी घातली आणि मध्यावर खुंटी ठोकली. ती आली थेट स्वयंपाकघराच्या दारासमोर.

विहीर खणणारा ज्योतीराम चार गडी घेऊन आला. खुंटीकडे त्यानं तिरक्या मानेनं पाहिलं. "हितं कुनी सांगितलं?"

"कुणीच नाही," लक्ष्मणराव म्हणाले. "पण कुणाचा अपमानही होत नाही."

दोन हात माती निघाली, तीन हात मुरूम निघाला, आणि मग घण टणकन उलटा आला. काळा पाषाण.

"मास्तर, ह्यो दगड न्हाई, सासरा हाय. आयकायचा न्हाई. बार लावावा लागंल."

सुरुंगाचे दगड उडू नयेत म्हणून खड्ड्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या. ज्योतीरामला तेवढ्यानं समाधान होईना. "वरनं एखादी बाज टाकू. हाय का?"

घरात एकच बाज होती. ती कुसुमताईंची, माहेराहून आलेली.

"परत मिळेल ना?"

"मिळंल की! जाती कुटं?"

"बार हाऽऽय! बार हाऽऽय!" अशी आरोळी झाली, गडी निंबामागं पळाले, आणि बाज गेली. सुतळ्या हलवत ती सावकाश वर चढली, हवेत एक गिरकी घेतली, कुंपण ओलांडलं आणि सोजराबाईंच्या गोठ्याच्या छपरावर चारही पायांवर नीट उभी राहिली. शेळी क्षणभर विचारात पडली. मग कडब्याच्या गंजीवरून छपरावर चढली, बाजेवर ऐसपैस बसली आणि रवंथ करू लागली.

"मास्तर," कुंपणापलीकडून सोजराबाईंचा आवाज आला, "आमी अंथरून मागितलं व्हतं का?"

"क्षमा करा हं. आत्ता काढून घेतो."

"ऱ्हाऊ द्या. तिला लई मानवलीया."

रोज बार उडत होते. पंधरा हातांवर खडक मऊ लागला आणि कपारीतून ओल सुटली. सकाळी पाहतात तो तळाशी गुडघाभर पाणी! ज्योतीरामनं नारळ फोडला, गूळ वाटला. लक्ष्मणरावांनी लगेच कार्डावर "होय" लिहिलं. लिहिल्यावर मात्र त्यांना राहवेना.

"ज्योतीराम, याला पाणी लागलं असं म्हणता येईल का?"

"म्हना की!"

"पण अगदी ठामपणे म्हणता येईल का?"

ज्योतीरामचा चेहरा उतरला. गड्यांकडे वळून तो म्हणाला, "मास्तरास्नी कमी वाटतंय रं. आनि एक बार लावू. दोन पुरुस पानी आलं न्हाई, तर नाव ज्योतीराम लावायचो न्हाई!"

लक्ष्मणरावांना "नको" म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "तुम्हाला योग्य वाटेल तसं."

बार उडाला. धूर निवळला तसे सगळे काठावरून वाकले. पाणी मधोमध भोवऱ्यासारखं फिरलं, गुडगुड असा एकच आवाज झाला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते निघून गेलं. तळाशी एक लांबलचक चीर तेवढी उरली. ती तिरपी, खाली खाली, कुंपणाच्या दिशेनं गेली होती.

"अगं बया बया!" पलीकडून किंकाळी आली. "मास्तर! माज्या हिरीत घागर बुडतीया! पायरी दिसंना!"

बातमी ऐकून हिंदुराव नारळासकट धावत आला. "सांगितलं व्हतं का न्हाई कुंपन म्हनून? अलीकडं का पलीकडं, येवढंच नारळानं सांगितलं नव्हतं!"

पुस्तकही खोटं ठरलं नव्हतं. पाणी उताराकडेच गेलं होतं. फक्त उतार लक्ष्मणरावांनी उलट्या बाजूला धरला होता. म्हणजे नारळ बरोबर, पुस्तक बरोबर, आणि कोरडी काय ती मधली जागा.

"म्या नाव बदलतो, मास्तर," ज्योतीराम पुटपुटला आणि घण खांद्यावर टाकून गेला.

लक्ष्मणराव काठावर बसून राहिले. "होय" लिहिलेल्या कार्डाचे त्यांनी चार तुकडे केले. दोन महिने ते रोज पिठलं करून खात होते, आणि ते जमलं का, हे विचारायला घरात कुणी नव्हतं.

तेवढ्यात कुंपणातून कोयता आत आला. मागून सोजराबाई आल्या. शेराच्या फांद्या धडाधड पडू लागल्या. लक्ष्मणराव घाबरून उभे राहिले.

"सोजराबाई, बाजेचं मी..."

"वाट करतीया. हीर माजी, पानी तुमचं. बाईनं काय गावाला वळसा घालून यायाचं व्हय?"

"पण ती तुमच्याशी बोलत नाही."

"न बोलता पानी शेंदता येत न्हाई व्हय? आन् दोन म्हैनं झालं, मला बी भांडाया कोन न्हाई. शेळी कुटं उलटून बोलती?"

त्या गेल्यावर लक्ष्मणराव स्वयंपाकघराच्या दारापासून पावलं मोजत सोजराबाईंच्या विहिरीवर गेले. सव्वीस भरली. त्यांतली चार स्वतःची विहीर चुकवण्यात गेली. मग ते कार्ड लिहायला बसले. पहिल्यांदा हिंदुरावपासून सुरुवात केली आणि बाज उडेपर्यंतच कार्ड भरलं. दुसरं पुस्तकापासून सुरू केलं, ते थरांतच संपलं. तिसऱ्यावर त्यांनी लिहिलं, "सौ. कुसुम हिस अनेक आशीर्वाद. पाणी लागलं. दारापासून सव्वीस पावलं. ये. बाकी समक्ष."

टपालपेटीच्या तोंडाशी कार्ड अर्धं आत, अर्धं बाहेर धरून ते उभे होते, तेव्हा बाजाराला निघालेल्या सोजराबाई थांबल्या.

"बाईस्नी व्हय? काय लिवलं?"

"पाणी लागलं, असं."

"कुनाच्या हिरीला, त्ये लिवलं का?"

"जागा पुरली नाही," लक्ष्मणराव म्हणाले, आणि पाऊण कोरं कार्ड त्यांनी पेटीत सोडलं.