डॉक्टर काळसेकरांची पेशंट

आमच्या शेजारचे डॉक्टर काळसेकर स्वतःच्या गाडीची केस हिस्टरी ठेवतात. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात आयुष्यभर लोकांना भूल दिली, रिटायर झाले, पण सवय जात नाही. "पेशंट फीमेल. वय सत्तावीस. तक्रार: थंडीत सकाळी खोकला. भूक बेताची, एका टाकीत पंधरा दिवस." आपण नुसतं 'गुड मॉर्निंग' म्हणायचा अवकाश, की फाइल उघडलीच.

ही पेशंट म्हणजे एक बुटकी, बटाट्यासारखी गोल जपानी गाडी. तिच्या घराण्याचा इतिहास डॉक्टरकाकांना तोंडपाठ आहे. "जपान्याने काय केलं, प्रसाद? अरुंद गल्ली बघितली, महाग पेट्रोल बघितलं, आणि माणसाला लागते तेवढीच गाडी केली. बाकीच्यांनी गाडीच्या नावाखाली दिवाणखाने काढले!" पुढे कंपनीने इंग्लंडातच कारखाना टाकला, तिथली ही. "आईबाप परदेशी, जन्म इथला. आपल्या पोरांसारखीच. फक्त ही उलट बोलत नाही."

हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये मोठ्या गाड्यांवाले कन्सल्टंट डॉक्टर तिला हसायचे. एका बर्फाच्या सकाळी त्यांतल्या दोघांच्या गाड्या जागच्या हलेनात. काकांनी दोघांना मागच्या सीटवर कोंबून ऑपरेशन थिएटरला वेळेवर पोचवलं. ही गोष्ट मी निदान चाळीस वेळा ऐकली आहे. प्रत्येक वेळी बर्फ थोडा वाढतो.

त्यांचा मुलगा अमेय रीडिंग शहरात असतो. तो दर फोनवर आपल्या मोडक्या मराठीत म्हणतो, "बाबा, माझा जुना इलेक्ट्रिक घ्या ना. हा सेफ नाहीये." काका फोन आपटतात. मीही अमेयचीच री ओढायचो.

यंदा एमओटीत, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीत, पेशंट नापास झाली. खालचा पत्रा गंजून चाळण झालेला. गॅरेजवाला म्हणाला, "डॉक, लेट हर गो. वेल्डिंग इजन्ट वर्थ इट."

काका छाती काढून म्हणाले, "द फॅमिली डज नॉट कन्सेंट."

आणि तरातरा बाहेर पडले. मला हा निव्वळ म्हातारपणाचा हट्ट वाटला. खरं सांगतो, रागही आला.

रविवारी काका गाडीविना अडले. सुधाकाकू दोन वर्षांपासून केअर होममध्ये आहेत, विस्मरणाचा आजार. दर रविवारी काका त्यांना फिरवून आणतात. म्हटलं, मी नेतो. माझी नवीकोरी गाडी केअर होमच्या दाराशी लावली. काकू साडीवर कोट घालून तयार होत्या. गाडी पाहिली आणि दोन पावलं मागे सरकल्या.

"मी परक्यांच्या गाडीत बसत नाही. आमचे हे येतीलच आता, आमची छोटी गाडी घेऊन."

'हे' त्यांचा हात धरून शेजारीच उभे होते.

"हो, येतील हं," काका म्हणाले. आणि त्यांना हळूच आत घेऊन गेले. मला माझ्याच तोंडाची लाज वाटली.

सोमवारी मी ऑफिसला दांडी मारली. आम्ही दोघांनी तीन गॅरेजं पालथी घातली. तिघांनीही नकारार्थी मान हलवली, तिघांशीही काका भांडले, आणि तिसऱ्याशी तर मीच भांडलो. चौथा एक म्हातारा वेल्डर निघाला. गाडीखाली सरकला, बराच वेळ ठोकून पाहिलं आणि म्हणाला, करतो. अमेयला मी फोन करून बजावलं, भंगाराचं नाव काढायचं नाही. आठवड्याभरात नवा पत्रा बसला, फेरतपासणी झाली, पेशंट पास.

त्या रविवारी मी मागच्या सीटवर होतो. केअर होमच्या दाराशी काकांनी हॉर्न दिला. काकू बाहेर आल्या, स्वतः दार उघडून बसल्या, बेल्ट लावला आणि कडाडल्या, "अहो, केवढा हा उशीर! किती वेळची उभी आहे मी!"

जन्मात कुणापुढे नमतं न घेतलेला तो माणूस खाली मान घालून म्हणाला, "चुकलो गं. पुन्हा नाही होणार."