आप्पांनी डाळिंब फवारलं

"एका झाडाची फवारणी, त्यात काय मोठंसं!" असं आप्पांनी आरशाला सुनावलं, कारण ऐकायला घरात दुसरं कोणी नव्हतं. बायको चार दिवसांसाठी लेकीकडे गेली होती. जाताना तिनं बजावलं होतं, "डाळिंबाला हात लावू नका. चार वर्षांनी पहिली सात फळं धरलीत. किडीचं काय करायचं ते मी केलंय."

पण आप्पा म्हणजे छापखान्यात चौतीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस! त्यांच्या भिंगातून वेलांटी सुटत नसे, तिथे किडा कसा सुटणार? पानोपानी कापसासारखे पांढरे किडे दिसताच त्यांचं रक्त उसळलं. रेनकोट, हेल्मेट, नातवाचा पोहण्याचा चष्मा असा सगळा सरंजाम चढवून त्यांनी पंपात कडुलिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी भरलं. वारा असताना फवारू नये, असं बाटलीवर लिहिलं होतं. आप्पांना वारा जाणवला नाही. रेनकोटात कसा जाणवणार!

फवारा सुटला. किडे सैरावैरा पळाले, आप्पा त्यांच्या मागे! एवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या वहिनी किंचाळल्या, "अहो आप्पा, माझ्या चादरी!"

दोरीवरच्या पाचही चादरींवर तेलाचे पिवळे ठिपके उमटले होते.

"वहिनी, आता त्यांना कसर लागायची नाही!"

"कसर राहू द्या. त्या तुम्हीच धुवायच्या!"

चादरी भिजत घालतानाच बायकोचा फोन आला. आप्पांनी फुशारकी मारली, "झाड साफ! पांढरे किडे पळत होते, पण एकाला सोडलं नाही!"

"अहो, ते मीच सोडले होते! किडीला खाणारे किडे! नर्सरीवाल्याच्या मिनतवाऱ्या करून आणले होते. आता फळं गेली माझी!" तिचा आवाज रडवेला झाला आणि फोन बंद झाला.

आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री उशिरापर्यंत ते चादरी घासत बसले. सकाळी धुतलेल्या चादरी देताना त्यांनी वहिनींना सगळं सांगून टाकलं.

"एवढंच ना?" वहिनी विरघळल्या. "माझ्या पेरूवर ढिगानं आहेत पांढरे किडे. हवे तेवढे न्या!"

आप्पा त्यांच्या पाया पडायचेच बाकी राहिले. दिवसभर शिडीवर उभं राहून, रंगाच्या मऊ ब्रशनं त्यांनी एकेक किडा डब्यात घेतला. जागचे हलतही नव्हते बिचारे, इतके सालस! संध्याकाळी त्यांनी सातही फळांच्या देठाशी त्यांची प्रेमानं सोय लावली.

बायको परतली ती हातातली पिशवीही खाली न ठेवता झाडापाशी गेली. तिनं भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

"अहो, पळतात ते आपले. हे बसून रस पितायत. हीच तर कीड! एवढी आणलीत कुठून?"

आप्पांनी कुंपणापलीकडे पाहिलं. वहिनींचा पेरू नुकता न्हाऊन आल्यासारखा स्वच्छ दिसत होता, आणि त्याखाली उभ्या राहून वहिनी हौसेनं हात हलवत होत्या.

"आप्पा, लिंबोणीवरही आहेत हो! उद्या येता का?"