हंबीररावाची माती

गौरीच्या सणाला हळदीचं पान हवं म्हणून केरबा सकाळीच रानात गेला. पान तोडायला वाकला तर झाडच हातात आलं. खालचा गड्डा मऊ पडलेला, पाणी सुटलेलं, वास मारणारा. त्यानं शेजारचं झाड ओढलं, तेही आलं. सरीच्या सरी बुडातून कुजत चालली होती.

ते बेणं केरबाच्या बायकोच्या, बनुबाईच्या माहेरचं. लग्नात तिनं ओटीत आणलेले गड्डे, तेव्हापासून राखलेले. बनुबाई गेल्या माघात वारली. आता तिच्या हातचं म्हणावं असं एवढंच उभं होतं. हे कुजलं की तिचं बेणं पुन्हा कुठं मिळणार नव्हतं.

बांधापलीकडं मात्र हंबीररावाची हळद हिरवीगार होती. पाऊस तोच, पाट तोच. त्यामुळं हंबीररावानंच काहीतरी केलंय असा केरबाला संशय आला. केरबा बांधावर उभा राहून आपल्या हळदीकडं टक लावून बघतोय हे पाहून हंबीररावालाही संशय आला. त्यानं बांधाला लिंबू आणि बिब्बा टांगला. पलटणीतून पेन्शनीवर आलेला माणूस, तोफांना न भ्यालेला, पण नजरेला फार भ्यायचा.

पुढं कराडहून शेतकी खात्याचा साहेब आला. त्यानं दोन्हीकडची झाडं उपटून पाहिली आणि केरबाला सांगितलं, की ही बुरशी आहे. हंबीररावाच्या मातीत डोळ्यांना न दिसणारे जंतू असावेत. ते मुळांना चिकटून राहतात आणि बुरशीला जवळ येऊ देत नाहीत. खात्री देत नाही, पण सरीला मातीची भर लावताना ती माती चांगल्या झाडांच्या बुडाशी घालून बघा. आठ दिवसांच्या आत.

माती मागायला साहेब स्वतःच केरबाला घेऊन हंबीररावाच्या दारात गेला.

"माज्या रानात जंतू? सोडलं कुणी?" हंबीरराव म्हणाला.

ते चांगले जंतू आहेत, राखण करतात, असं साहेबानं समजावलं.

"चांगलं असतील तर ह्येला का देऊ? आन् वाईट असतील तर मी का ठिवू?"

साहेबानं पुन्हा पहिल्यापासून समजवायला घेतलं. दिवेलागण होत आली तेव्हा हंबीररावाची बायको लीलाबाई आतून म्हणाली, की मातीच मागत्यात, मळा न्हाई. तेव्हा कुठं हंबीरराव कबूल झाला. उद्या सकाळी, त्याच्या डोळ्यांदेखत, चार पाट्या.

केरबा हलक्या पायानं निघाला. वाटेत भाऊबंदातला अर्जुना भेटला. अर्जुनाच्या तोंडात तीळ भिजत नसे, पण माणसं गोळा करायला त्याच्यासारखा दुसरा नव्हता.

"उद्या सकाळी हंबीररावाच्या मातीला यायचं हाय," केरबा म्हणाला. "वाडीवर सांगून ठेव."

मातीला जायचं म्हणजे मयताला जायचं, हे केरबा काही विसरला नव्हता. पण त्या घडीला त्याच्या डोक्यात नुसती माती आणि ती झाडाझाडाशी टाकायला लागणारी माणसं होती.

अर्जुना खाली बसला. "कवा झालं?"

"ह्ये आत्ताच. लय येळ घेतला, पण झालं एकदाचं."

"तरास झाला का?"

"साहेबाला झाला. शेवटाला लीलाबाई बोलली, तवा सुटला."

अर्जुनानं पदरचं दोन थेंब पाणी डोळ्यांतून काढलं. केरबाला वाटलं, आपल्या हळदीसाठी रडतोय. त्यालाही भरून आलं.

सकाळी हंबीरराव काठी घेऊन बांधावर राखणीला उभा होता. बघतो तर वाटेनं माणसंच माणसं. डोक्याला उपरणी गुंडाळलेली, माना खाली. एवढे सगळे आपली माती न्यायला आले असं वाटून त्याचं डोकं फिरलं. "चारच पाट्या म्हणलो हुतो," तो ओरडला.

पुढं असलेल्या गड्याच्या हातातून मयताचं मडकं पडलं. त्याच्या मागून शेजारच्या गावची म्हातारी बयाबाई, हंबीररावाची आत्या, रडत येत होती. तिनं पुतण्याच्याच गळ्यात हात टाकले. "माजा हंबीर कुठं गेला गं बाई."

"आत्ती, हितंच हाय."

"गप रं, रडू दे मला."

उलगडा झाला तसा हंबीररावानं केरबाचा गळा धरला. "लढाईतनं जित्ता आलो आन् तू मला बांधावर मारलास व्हय? आता चिमूटभर बी माती मिळायची न्हाई."

"मी मातीच म्हणलो गड्या," केरबा म्हणाला. "तिचं बेणं हाय रं."

कुणी ऐकेना. केरबा बांधावर उभा राहून काय पुटपुटायचा, हे आता प्रत्येकाला आठवू लागलं होतं.

बयाबाईनं डोळे पुसले. मातीला आलेलं माणूस माती न टाकता माघारी गेलं, तर ती माती रिकामी जात नाही, कुणाला तरी घेऊन जाते, असं ती म्हणाली. सगळ्यांनी हंबीररावाकडं बघितलं.

हंबीररावानं स्वतःच खोरं उचललं. "घ्या. पर हिकडं न्हाई. त्येच्या रानात टाका सगळी."

माणसं ओंजळी, उपरणी भरून निघाली. केरबा त्यांच्यामधून पळत होता. "बुडाशी, मामा, बुडाशी. जरा दाबा." हंबीरराव उकरतच होता. खड्डा माणसाएवढा लांब झाला, तेव्हा लीलाबाईनं त्याच्या हातातलं खोरं काढून घेतलं.

माती पडलेल्या सऱ्या तगल्या, बाकीच्या गेल्या. जंतूंचं नाव गावात कुणी काढलं नाही. हंबीररावाचं मरण त्या गेलेल्या झाडांनी घेतलं, असंच सगळे म्हणतात. हंबीररावाला मात्र आपले चांगले जंतू सगळेच तिकडं गेल्याचा संशय आहे. तो अधूनमधून येऊन केरबाच्या सरीतली मूठभर माती परत नेतो. केरबा नेऊ देतो.

माघात हळद निघाली. गड्डे घट्ट होते, मोडले की आत केशरी. ते घराच्या सोप्यात ढिगानं पडले आहेत. त्यातलं शिजवून वाळवायचं कुठलं आणि बेण्याला ठेवायचं कुठलं, हे बनुबाई बघायची. कशावरून ओळखायचं, ते केरबानं तिला कधी विचारलं नव्हतं. बेणं निवडायचं अजून राहिलं आहे.