खडूच्या खुणा

हेमांगिनीबाईंच्या दिवाणखान्यात फरशीवर खडूच्या खुणा असत. प्रत्येक खुर्चीच्या प्रत्येक पायाखाली एक फुली. सखूबाई रोज सकाळी फरशी पुसायची, खुणा जायच्या, आणि बाई गुडघ्यावर बसून त्या पुन्हा काढायच्या.

"म्या पुसायच्या आन् तुमी काढायच्या," सखूबाई वैतागून म्हणायची. "त्यापरीस मी येतच नाय ना!"

"तू आली नाहीस तर धूळ बसेल," बाई शांतपणे म्हणायच्या. "त्या दिवशी धूळ नव्हती."

कुठल्या दिवशी, ते त्या सांगत नसत.

मी त्यांच्याकडे राहायला गेले ती आमच्या गावच्या मास्तरांच्या ओळखीने. आमचं गाव दिंडोरीच्या पुढे. आबा दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत छाटणीला जात, आणि आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. नाशकात गंगापूर रोडवरच्या बाईंच्या बंगल्यातली मागची खोली मला मिळाली. त्या एके काळच्या मोठ्या नटी आहेत एवढंच मास्तरांनी सांगितलं होतं. त्यामुळे मी दारात उभी राहून घाबरत घाबरत म्हणाले, "नमस्कार, मी सुमन."

"रीटेक," बाई म्हणाल्या.

मला काही कळेना.

"खाली बघून बोललीस. बाहेर जा, परत ये, आणि माझ्याकडे बघून बोल."

मी तीनदा बाहेर गेले. चौथ्यांदा त्यांनी मान हलवली. पुढे माझ्या लक्षात आलं की हा नियम सगळ्यांनाच होता. दूधवाला घाईघाईने पातेल्यात दूध ओतून निघाला तर त्याला फाटकातून परत बोलावलं जाई. भाजीवाला तर गाडीवरूनच ओरडायचा, "बाई, आज पहिल्या टेकमध्येच घ्या हां, मेथी सुकतीय!"

दुसरा नियम उजेडाचा. बाई कधी खिडकीकडे पाठ करून बसत नसत. दुपारी ऊन सरकलं की त्याही सरकत. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले की म्हणायच्या, "तोंडावर लाईट घे, पोरी. अंधारात बसून बोललं की खरंसुद्धा खोटं वाटतं."

एकदा आबा मला भेटायला आले, पाटीभर द्राक्षं घेऊन. त्यांना दोनदा पायरी उतरून परत चढावी लागली. "आता काय चुकलं?" असं ते मला डोळ्यांनी विचारत होते. मग खुर्चीच्या कडेवर टेकले, बाईंकडे बराच वेळ बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "तुमी तंबूतल्या सिनेमात मेल्या होत्या!"

"अनेकदा," बाई म्हणाल्या.

"आमची आई लय रडली तवा. दोन दिस जेवली नाय. अन् पुढच्या जत्रंला दुसऱ्या सिनेमात तुमी चांगल्या जित्या! आईनं तिथंच नारळ फोडला."

बाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतलं काजळ गालावर आलं. आबा गेल्यावर त्यांनी पाटीतून एक द्राक्ष उचललं. म्हणाल्या, "माझ्यासाठी नारळ फोडलेला मला कधी कळलाच नाही बघ."

खिडकीजवळ वेताची एक खुर्ची होती. तिच्यावर कुणी बसायचं नाही. मी एकदा चुकून बसले तर बाई ओरडल्या, "ऊठ! ती कंटिन्युइटीत आहे."

मी त्यांना विचारलं, कंटिन्युइटी म्हणजे काय. त्यांनी फार आनंदाने समजावून सांगितलं. सीन अर्धा राहिला, लाईट गेले, जेवणाची सुट्टी झाली, कुणी आजारी पडलं, की सेटवरचं काहीही हलवायचं नाही. कप तिथेच, पदर तसाच, कपाळावरची बट तशीच. म्हणजे महिन्याने सीन पुढे चालू केला तरी प्रेक्षकाला मधली फट दिसत नाही.

"महिन्याने?" मी म्हणाले.

"कितीही दिवसांनी," बाई म्हणाल्या.

दिवाणखान्याचा पडदा विरला तेव्हा त्यांनी मला भद्रकालीच्या बाजारात नेलं. हातात जुन्या पडद्याचा तुकडा, निळ्यावर पांढरी कमळं. दुकानामागून दुकान झालं. शेवटी एक म्हातारा दुकानदार म्हणाला, "अहो बाई, हा माल दहा वर्षांपूर्वीच बंद झाला."

"मग दहा वर्षांपूर्वीचा दाखवा," बाई म्हणाल्या.

त्याने कपाळाला हात लावला, पण माळ्यावर चढला. आणि खरंच, एक तागा निघाला.

रोज पहाटे भिंतीपलीकडून मला बाईंचा आवाज ऐकू येई. एकच वाक्य. "बस ना गं, चहा गार होईल." कधी लाडाने, कधी सहज, कधी जरा रागावून. मी सखूबाईला म्हटलं, बाईंना नवीन सिनेमा मिळाला वाटतं. सखूबाई फडकं पिळत म्हणाली, "कसला शिनेमा! ती नीलाताई गेली तवाधरनं चाललंय हे."

तेव्हा मला कळलं की बाईंना मुलगी आहे. तिला लग्न करून बडोद्याला जायचं होतं, बाईंना ते पसंत नव्हतं. त्या दिवाणखान्यात, चहाच्या वेळी, मोठं भांडण झालं. वेताच्या खुर्चीवरून उठून नीलाताईंनी हातातली उशी फेकली आणि त्या गेल्या. परत आल्या नाहीत.

माझ्या शेवटच्या वर्षी, दिवाळीनंतर, शेजारच्या डॉक्टरांकडे फोन आला, की नीलाताई नाशकात एका लग्नाला येताहेत, जाता जाता भेटून जातील. त्या दिवशी बाईंनी खुणा दोनदा काढल्या. भांडणाच्या दिवशीची जांभळी साडी नेसल्या, आता ती खांद्यावर विरली होती. दोन कप मांडले. आणि मग कपाटातून एक उशी काढून ती दाराजवळ जमिनीवर टाकली. जरा सरकवली. मागे होऊन पाहिली. पुन्हा सरकवली.

"बाई, उशी उचलू का?" मी विचारलं.

"हात लावू नकोस. बरोबर आहे."

मी स्वयंपाकघरात चहा ओतत असताना रिक्षा थांबल्याचा आवाज आला. ट्रे घेऊन मी दारापर्यंत आले तर नीलाताई उंबऱ्यातच उभ्या होत्या. चेहरा हुबेहूब बाईंचा. त्या पडद्याकडे बघत होत्या, वेताच्या खुर्चीकडे, मग पायाशी पडलेल्या उशीकडे.

"हे सगळं अजून तसंच ठेवलंस?" त्या हळूच म्हणाल्या. "उशीसुद्धा? मला दाखवायला?"

बाईंनी तोंड उघडलं. ज्या बाई तीन तीन पानांचे संवाद एका दमात म्हणत, त्यांच्या तोंडून एकच शब्द आला. "कंटिन्युइटी..."

"तू काहीच विसरली नाहीस, आई. मला वाटलं होतं, विसरली असशील." नीलाताईंनी डोळे पुसले. "रिक्षा थांबवलीय मी."

आणि त्या गेल्या. मी ट्रे धरून तशीच उभी. आपण मागे धावावं का, हेही मला सुचलं नाही.

रिक्षा गेल्यावर बाई बोलल्या, माझ्याशी की स्वतःशी, कोण जाणे. "रीटेकमध्ये सगळं तसंच ठेवावं लागतं. चुकलेलं वाक्य तेवढं बदलायचं. मी त्या दिवशी तिला म्हणाले होते, जायचं तर जा, मला प्रेक्षकांची सवय आहे, एक उठला की दुसरा येऊन बसतो. तेवढंच बदलायचं होतं गं. बाकी सगळं बरोबर होतं."

दुसऱ्या दिवशी सखूबाईने फरशी पुसली. बाईंनी खुणा काढल्या नाहीत. सखूबाई दाराशी घुटमळत राहिली, मग मला म्हणाली, "आज खडू नाय मागितला त्यांनी." मी कधी तिला इतकी हिरमुसलेली पाहिली नव्हती.

परीक्षा संपल्यावर मी ट्रंक बांधली. आबा दिंडोरीहून न्यायला येणार होते. निरोप घ्यायला मी दिवाणखान्यात गेले, बाईंकडे नीट बघत नमस्कार केला. त्यांनी रीटेक म्हटलं नाही. वेताची खुर्ची दाखवली. मी घुटमळले.

"बस ना गं," त्या म्हणाल्या. "चहा गार होईल."

भिंतीपलीकडून हे वाक्य मी किती तऱ्हांनी ऐकलं होतं. ही त्यातली एकही तऱ्हा नव्हती. आवाज फाटला होता, शेवटचा शब्द तर नीट ऐकूही आला नाही. मी बसले. ऊन माझ्या तोंडावर येत होतं. बाई समोर, उजेडाकडे पाठ करून बसल्या होत्या, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. अंधारात बसून बोललं की खरंसुद्धा खोटं वाटतं, असं त्या म्हणायच्या.

मला तसं वाटलं नाही.