झिपरू अस्वलाचा घुमणारा डबा

एका जंगलात, जिथं प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीतलं कळत होतं, एक अस्वल राहत होतं. त्याचं नाव झिपरू. झिपरूला फारसं काही कळत नव्हतं, त्यामुळे तो सुखात होता.

बाळांनो, झिपरू गिटार वाजवायचा. वाजवायचा म्हणजे त्याला तीन कॉर्ड येत होत्या. चौथी शिकायची असं तो दर दिवाळीला ठरवायचा, आणि दिवाळीचा फराळ संपला की विसरायचा. तुमच्या घरातसुद्धा असं कुणीतरी असेल. त्याच्याकडे आत्ता बघू नका.

झिपरूच्या बायकोचं नाव तुळसा. तुळसा माहेरी असताना जात्यावर ओव्या म्हणायची. जातं घरघर करायचं, त्या घरघरीवर तिचा सूर बसायचा, आणि वाटेने जाणारे डोक्यावरचा भारा खाली ठेवून ऐकत उभे राहायचे. झिपरूने लग्नाआधी मुलगी पाहिलीच नव्हती. नुसती ऐकली होती, आणि तेवढ्यावर होकार दिला होता.

पुढे जंगलात विजेची चक्की आली. घरोघरची जाती अंगणात पालथी पडली, त्यांच्यावर कोंबड्या बसू लागल्या. जात्याबरोबर तुळसाची ओवीही गेली.

"म्हण की गं एखादी," झिपरू म्हणायचा.

"कशावर म्हणू? हाताला खुंटा नाही, कानाला घरघर नाही. ओवी काय अशी वाऱ्यावर म्हणतात?"

झिपरूला याचं फार वाईट वाटायचं. पण पीठ चक्कीवरून आणायचं कामही त्याच्याकडेच होतं, त्यामुळे तो चक्कीला नावंही ठेवू शकत नव्हता.

एकदा तो आठवडी बाजाराला गेला. तिथं तरसाचं जुन्या सामानाचं दुकान होतं. फुटक्या घड्याळांच्या आणि बिनबुडाच्या कढयांच्या मध्ये पिठाच्या डब्याएवढं एक खोकं पडलं होतं. पुढे मळकं कापड, वर कातडी मूठ, आणि बाजूला दोन बटणं.

"हे काय?" झिपरूने विचारलं.

"गिटारचा अँप्लिफायर. व्हॉल्व्हचा आहे. तुमच्या जन्माआधीचा." तरस हसला. तरस सगळ्यालाच हसतो, त्यामुळे वस्तू चांगली आहे की गिऱ्हाईक मूर्ख आहे, ते समजत नाही.

हौसेला मोल नसतं. झिपरूने मधाचं मडकं पुढे सरकवलं आणि खोकं काखोटीला मारलं.

आता तुम्ही विचाराल, जंगलात अँप्लिफायरला वीज कुठून आली? चक्कीला आली तिथूनच. बोलणाऱ्या तरसाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, मग आता विजेवरच का अडता?

घरी येऊन झिपरूने खोकं लावलं. काहीच झालं नाही. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्या. त्यांचं असंच असतं. ते आधी तापतात, मग बोलतात. थोड्या वेळाने मागच्या जाळीतून तांबूस उजेड दिसू लागला आणि आतून आवाज आला. घूंऽऽऽ.

"बिघडलेलं दिलं वाटतं," झिपरू पुटपुटला. तरी त्याने पहिली कॉर्ड छेडली.

आणि स्वयंपाकघरातून ओवी आली.

मधाच्या गं पोळ्यापायी बंधू चढीतो आभाळा,
डसल्या गं माशा किती, हसे बंधुजी सावळा.

तुळसा तांदूळ निवडत होती. आपण गातोय हे तिचं तिलाही कळलं नव्हतं. कानाला घरघर लागली आणि ओवी आपोआप ओठांवर आली. झिपरूने भीत भीत दुसरी कॉर्ड धरली. ओवी तुटली नाही. तिसरी धरली. तरीही तुटली नाही. झिपरू रडला. अस्वलाचं रडणं केसांत जिरून जातं, म्हणून ते कुणाला दिसत नाही.

त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की तुळसाच म्हणायची, "अहो, तो डबा लावा की." डबा घूं करायचा, झिपरू तीन कॉर्ड वाजवायचा, आणि तुळसा आत चुलीपाशी गायची.

इथंच गोष्ट संपायला हवी होती. पण सुखी माणसाला, म्हणजे अस्वलाला, एक खोड असते. आपलं सुख चार लोकांना दाखवावं, असं त्याला वाटतं.

त्या जंगलात चैत्र पौर्णिमेला पाणवठ्यावर गाण्याची बैठक व्हायची. आपल्या तुळसाने तिथं गावं आणि सगळ्या जंगलाने ऐकावं, अशी झिपरूची फार इच्छा होती. पण पाणवठ्यावरच्या खडकावर कुणी बसायचं, हे उदोपंत उदमांजर ठरवायचे. त्यांचा कान मोठा तयार, असं सगळे म्हणत. पहिल्यांदा ते कोण म्हणालं, ते कुणाला आठवत नव्हतं.

उदोपंत घरी आले. डोळे मिटून ऐकत बसले. गाणं संपलं तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. झिपरूला वाटलं, झोपले.

"बाईंचं ठीक आहे," उदोपंत शेवटी म्हणाले. "पण तुमच्या अँप्लिफायरला हमिंग आहे."

"म्हणजे काय?"

"ते घूं. दोष आहे तो. पाणवठ्यावर जाणकार येतात. तिथं असलं चालायचं नाही."

"तुम्ही कुठलं वाद्य वाजवता?" तुळसाने आतून विचारलं.

"मी वाजवत नाही," उदोपंत म्हणाले. "वाजवणाऱ्याचं सगळं लक्ष वाजवण्यात जातं. मग ऐकायचं कुणी?"



झालं! झिपरू कामाला लागला. उदोपंतांच्या सांगण्यावरून त्याने आधी स्पीकर बदलला, कारण जुन्याच्या कागदी पडद्याला ठिगळ होतं. घूं जरा कमी झालं. मग व्हॉल्व्ह बदलले. नवे व्हॉल्व्ह सात डोंगरांपलीकडच्या जंगलातून आले, म्हणजे तिथंही जुनेच होते, पण न वापरलेले जुने. हा फरक उदोपंतांनी समजावून सांगितला, आणि झिपरूने समजल्यासारखी मान हलवली. मग आतल्या वायरी बदलल्या. मग खोकंच बदललं, कारण सागवानात सूर खुलतो म्हणे.

दर वेळी घूं थोडं थोडं कमी होत होतं. पूर्वी तुळसा चुलीपाशी बसून गायची. आता ती दारापर्यंत येऊन गाऊ लागली. मग ओसरीवर. पुढे पुढे तर ती थेट खोक्याला कान लावूनच बसायची.

"बघ!" झिपरू हरखून म्हणाला. "आवाज सुधारला तशी कशी जवळ येऊन ऐकायला लागलीस!"

"अहो, याचा आवाज बसलाय."

"बसला नाही गं, स्वच्छ झालाय."

तुळसाला पुढे पुष्कळ बोलायचं होतं. पण नवऱ्याच्या पंजांना वायरींनी चटके बसले होते, आणि हे सगळं आपल्या गाण्यासाठी चाललंय हे तिला दिसत होतं. माया आड आली की बायका खरं बोलायचं उद्यावर टाकतात. तिनेही टाकलं.

पौर्णिमेच्या सकाळी शेवटचा उरलेला भाग, ट्रान्सफॉर्मर, तोही बदलून झाला. झिपरूने खोकं लावलं. तांबूस उजेड आला आणि बाकी काहीच आलं नाही. उदोपंतांनी खोक्याला कान लावला, आणि त्यांच्या मिशा थरथरल्या.

"निर्दोष!" ते म्हणाले.

संध्याकाळी पाणवठ्यावर सगळं जंगल जमलं. पुढच्या रांगेत जाणकार, मागे सांबरं, भेकरं, मोर आणि पाण्यात बेडूक. खडकावर खोकं, खोक्याशेजारी झिपरू, आणि झिपरूच्या मागे पदर सावरत तुळसा. उदोपंतांनी प्रास्ताविक केलं. स्पीकर कुठला, व्हॉल्व्ह कुठले, साग कुठल्या डोंगरावरचा, सगळं सांगितलं. गाणार कोण, तेवढं सांगायचं राहून गेलं.

मग खोकं लावलं.

"ऐका," उदोपंत दबक्या आवाजात म्हणाले. "काही ऐकू येतंय?"

"नाही!" जाणकार म्हणाले.

"हेच ते!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका जाणकाराने तर डोळे पुसले. असली शांतता आपण उभ्या जन्मात ऐकली नव्हती, असं तो शेजाऱ्याला सांगू लागला, आणि शेजारी त्याला गप्प बसा म्हणाला, कारण त्यालाही शांतता ऐकायची होती.

तुळसाने हळूच विचारलं, "अहो, डबा लावला का?"

"लावलाय की."

"मग सूर कुठंय?"

झिपरूने पहिली कॉर्ड छेडली. ती स्वच्छ, लख्ख वाजली आणि संपली. तिच्याखाली काहीच उरलं नाही. तुळसाने तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. तिने पदराला हात पुसले. मग तिने झिपरूकडे पाहिलं. जातं पालथं पडलं तेव्हा तिचा चेहरा असाच झाला होता.

आणि झिपरूला कळलं. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी कळलं, आणि तेही सगळ्या जंगलासमोर. आपण महिनाभर, मोठ्या मायेने, एकेक स्क्रू पिळून तुळसाचं गाणं बाहेर काढून टाकलं. त्याला स्वतःचा इतका राग आला की गिटार पाण्यात फेकावीशी वाटली. त्याने खोक्याची दोन्ही बटणं फिरवून पाहिली. घूं कुठल्याच बटणात नव्हतं.

मागची सांबरं चुळबुळ करू लागली. तुळसा उठायला लागली.

तेव्हा झिपरूने डोळे मिटले, पोट भरून श्वास घेतला, आणि तोंड न उघडता घुमायला लागला. घूंऽऽऽ.

"हमिंग!" उदोपंत ताडकन उठले. "हमिंग येतंय! पेचकस आणा!"

सगळे जाणकार खडकावर धावले. त्यांनी खोक्याची मागची जाळी काढली आणि एकापाठोपाठ एक डोकी आत घातली. याला म्हणतात, आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

झिपरू घुमत राहिला. त्याचं घूं काही फार सुरेल नव्हतं. मध्येच दम संपायचा, मध्येच पोट गुडगुडायचं. पण तुळसा पुन्हा खाली बसली. तिने झिपरूच्या पाठीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि ओवी सुरू केली. आधी अडखळत, मग जात्यावर म्हणायची तशी मोकळी. जाणकारांची डोकी खोक्यात होती, त्यामुळे बाकीच्या जंगलाला नीट ऐकू आलं. बेडकांनी ओरडणं थांबवलं. लेकी सासरी गेलेल्या म्हाताऱ्या सांबरिणी तर उघड उघड रडल्या.

ओव्या संपल्या तेव्हा उदोपंतांनी खोक्यातून डोकं बाहेर काढलं. त्यांच्या कानाला कोळिष्टक लागलं होतं. आवाजाचा माग काढत काढत ते झिपरूच्या पोटापाशी आले. तिथं कान लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं.

"बाई," ते गंभीरपणे तुळसाला म्हणाले, "यंत्र निर्दोष आहे. दोष अस्वलात आहे. बदलून घ्या."

तुळसाने झिपरूकडे पाहिलं. तो अजून धापा टाकत होता.

"राहू द्या," ती म्हणाली. "जुनं मॉडेल आहे. याचे पार्ट आता मिळत नाहीत."

तात्पर्य : बाळांनो, जुना अँप्लिफायर अवश्य घ्यावा. त्यातला एकेक भाग बदलत जावं, खर्चाकडे पाहू नये, जाणकारांचा सल्ला कधी मोडू नये. आणि तो अगदी निर्दोष झाला, की तोंडाने काम चालवावं.