आधी बोट, मग ओठ

आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत दिवाकरअण्णा कुणालाही आधी बोलू देत नाहीत. चहा की कॉफी, एवढं विचारलं तरी तळहात पुढे करतात. "स्वल्प थांबा. आधी बोट, मग ओठ."

अण्णा सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. जन्म बेंगळुरूचाच, त्यामुळे मराठीला कानडीची फोडणी. पहिला माणूस बोलला की बाकीचे माना डोलावतात, हे जन्मभर मीटिंगांत पाहून ते विटले आणि त्यावर उतारा म्हणून त्यांनी स्वतः एक अ‍ॅप केलं. प्रत्येकाने आपापल्या फोनवर गुपचूप मत द्यायचं, कारण लिहायचं. मग अण्णांचा लॅपटॉप सगळी कारणं पत्त्यांसारखी पिसतो, नावं गाळतो आणि एका बाईच्या सपाट आवाजात वाचून दाखवतो.

यात सगळ्यात मोठं नुकसान माझं झालं. तिसरा माणूस बोलेपर्यंत मला मत म्हणून नसायचंच. पहिल्याच खेपेला, गणपतीच्या जेवणासाठी मी घाबरून बिसीबेळे भात निवडला आणि कारण लिहिलं, 'भांडी कमी लागतील.' लॅपटॉपमधल्या बाईंनी ते वाचलं मात्र, नाव नसूनही सगळा दिवाणखाना माझ्याकडे वळला.

गेल्या महिन्यात प्रश्न होता, मुलांच्या भल्याचा विचार करता त्यांचा रविवारचा मराठी वर्ग चालू ठेवायचा का. वर्ग अण्णांचा. मुलांची संख्या रोडावलेली, शहराच्या पार टोकाच्या बेळ्ळंदूरहून रहदारीतून येऊन आईबाप टेकीला आलेले. तरी अण्णा नुसते खाकरले असते, तर सगळे 'चालू' म्हणाले असते. अण्णांनी तळहात पुढे केला. "आधी बोट."

एकजात 'बंद' आलं. बाईंनी कारणं वाचली. अंतर, परीक्षा, पोहण्याचा क्लास. आणि शेवटी, त्याच आवाजात, "शिकवणारा म्हातारा झाला आहे. मुलं जांभया देतात."

पुन्हा सगळे माझ्याकडे वळले.

लिफ्टमध्ये मी म्हणालो, "अण्णा, शपथेवर सांगतो, ते मी नाही लिहिलं."

"माहीत आहे. ते माझं."

"म्हणजे तुम्हालाही वर्ग नको होता?"

"मला काय हवं, हे कुठे विचारलं होतं? मुलांचं भलं कशात, ते विचारलं होतं."

लिफ्ट खाली आली, दार उघडलं, पण अण्णा बाहेर पडेनात. पत्नी गेल्यापासून घरी ते एकटेच. लॅपटॉपची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत त्यांनी विचारलं, "रविवारी सकाळी तुम्ही काय करता हो?"

"झोपतो," मी म्हणालो. "पण उठता येईल."