एका दाताचा फरक

टॉप गिअरमध्ये टाकलेल्या बंद मारुतीत ब्रेक दाबून पद्मजा सातवीचे भूगोलाचे पेपर तपासत होती. स्टिअरिंगवर गठ्ठा टेकवलेला, पदर कमरेला खोचलेला, आणि इंजिन फिरू नये म्हणून उजवा पाय ब्रेकवर इतका वेळ दाबून धरलेला की त्याला आलेल्या मुंग्यासुद्धा कंटाळून निघून गेल्या होत्या. उघड्या बॉनेटमुळे समोरचं काही दिसत नव्हतं. नवऱ्याचा आवाज तेवढा येत होता.

"पाय सोडू नकोस हं. सुटतोय बहुतेक."

"मघापासून सुटतोयच तो," पद्मजा म्हणाली आणि एका मुलाने राजस्थानात पाडलेला धो धो पाऊस तिने लाल शाईने खोडला.

बॉनेटखाली शरदचंद्र फणसळकर पान्याला लोंबकळला होता. एप्रिलचं ऊन, अंबरनाथची भर दुपार, आणि इंजिनाच्या खालच्या चाकाचा तो एकच बोल्ट. तो जपानात ज्या कोणी बसवला असेल त्याला पुढे कुणी तो सोडवेल अशी कल्पनाच नसावी. शरदचंद्र तसा कारखान्यात मेंटेनन्स ऑफिसर होता. मशिनचे पट्टे बदलायची वेळ आली की तो समोर खुर्ची टाकून बसे, फिटर पट्टा चढवत, आणि शेवटी हा बोटाने दाबून "ठीक आहे" म्हणे. वर्षानुवर्षं असं "ठीक आहे" म्हटल्यावर माणसाला वाटू लागतं, की पट्टे आपणच बदलत आलो.

हे सगळं निघालं पद्मजाच्या बढतीवरून. बारवी धरणाच्या वाटेवर संस्थेची नवी शाळा निघत होती आणि जूनपासून मुख्याध्यापिका म्हणून जाता का, असं तिला विचारलं होतं. तिथे जाणारी एस्टी यायची तेव्हा यायची. स्वतः गाडी चालवता आली तरच हो म्हणणं शक्य होतं. दारात सेकंडहँड मारुती होती, पण ती कव्हरखाली झोपलेली असे. शरदचंद्र कंपनीच्या बसने जाई. पद्मजाने ड्रायव्हिंग स्कूल लावलं. तिथल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक आणि क्लच होते आणि गाडी तोच चालवायचा, त्यामुळे पद्मजाला स्टिअरिंग फिरवायला आलं पण गाडी चालवायला येईना. आरटीओत ती दोनदा नापास झाली. आता शिकाऊ लायसनची मुदत संपत आली होती. शेवटची संधी होती, आणि प्रॅक्टिस घरच्या गाडीवर करायची असं ठरलं.

गाडी बाहेर काढायची म्हणून शरदचंद्रने आधी ती नीट तपासली आणि टायमिंग बेल्टला बारीक चिरा दिसल्या. हा बेल्ट म्हणजे इंजिनाचं खालचं चाक आणि वरचं चाक यांना एका तालात फिरवणारा दातेरी रबरी पट्टा. तो भररस्त्यात तुटला की गाडी जागच्या जागी बसते. बेल्ट घ्यायला तो उल्हासनगरला चंदरभाईकडे गेला. चंदरभाईचं पुढे स्पेअर पार्टचं दुकान, मागे गॅरेज.

"बेल्ट देतो, साहब, पण बसवायला गाडी इधर छोडो," चंदरभाई म्हणाला.

शरदचंद्र नुसता हसला. आपण कोण आहोत हे त्याने नम्रपणे सांगितलं. चंदरभाईने बेल्ट कागदात गुंडाळून दिला, मार्किंग नीट बघून बसवा म्हणाला, आणि कुणी मागितला नसताना गॅरेजचा फोन नंबर त्या कागदावर लिहून दिला.

तर बोल्ट अखेर सुटला. सुटताना शरदचंद्रच्या बोटांची सालं घेऊन सुटला, पण सुटला. जुना बेल्ट निघाला, नवा चढला. दोन्ही चाकांवरच्या खुणा जुळवायच्या होत्या. त्या जागेत हात जायचा तर डोकं जायचं नाही आणि डोकं गेलं तर उजेड जायचा नाही, तरीही शरदचंद्रने मान वाकडी करून त्या जुळवल्या. उघडलेलं सगळं परत लावल्यावर एकही नट शिल्लक उरला नाही, तेव्हा त्याला खात्रीच पटली. त्याने बायकोला चावी फिरवायला सांगितली.

इंजिन खोकलं, थांबलं, आणि कार्बोरेटरमधून असा काही 'फट्' आवाज आला की वरच्या मजल्यावरचे विष्णुपंत दुपारची झोप सोडून खाली आले.

विष्णुपंत रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी वाकून आत पाहिलं आणि कार्बन धरलाय असं निदान केलं. पुढे आठवडाभर शरदचंद्रने प्लग साफ केले, पॉइंट घासले, पेट्रोलची नळी काढून फुंकली, आणि प्रत्येक वेळी विष्णुपंतांनी खाली येऊन कार्बनच धरलाय हे त्याला पुन्हा सांगितलं. कारखान्यातून दमून यायचं, चहा प्यायचा आणि बॉनेट उघडायचं, असा नेमच झाला. साबणाने न निघणारं ग्रीस पोळीच्या घडीवर उमटू लागलं. पद्मजाने त्याची पोळी वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली.

शेवटी बेल्ट बसवतानाच दोन प्लगच्या वायरी आपण एकमेकींच्या जागी खोचल्यात हे त्याच्या लक्षात आलं. त्या बदलल्या आणि गाडी सुरू झाली. पण ती सुरू झाली ती अशी, की आजारी माणूस उठून बसला तरी घरच्यांना बरं वाटू नये. उभी असताना ती थरथरे. पहिल्या गिअरमध्ये आवाज ट्रकचा आणि वेग हातगाडीचा. चढ दिसला की तिचा जीव जाई. बुवापाड्याजवळ एक सायकलवाला मागून आला, बरोबरीने चालला, आत वाकून बघितलं आणि पुढे निघून गेला.

"नवा बेल्ट आहे. रुळेल हळूहळू," शरदचंद्र म्हणाला.

याच गाडीवर पद्मजा शिकायला लागली. रविवारी एमआयडीसीचे रस्ते रिकामे असत. तो शेजारी बसून सूचना देई, आणि सूचना पुरी व्हायच्या आत गाडी बंद पडे. पहिले काही दिवस दोघंही चिडत. मग पद्मजाने चिडणं सोडून दिलं. वर्गातल्या एखाद्या मठ्ठ पण अंगाने थोराड पोराला सांभाळावं तसं ती गाडीला सांभाळू लागली. चोक अर्धा ओढायचा, अॅक्सिलरेटर दोनदा हलकेच दाबून सोडायचा, चावी फिरवून क्षणभर थांबायचं आणि मग पुन्हा फिरवायची, की इंजिन धरायचं. क्लच कुठवर सोडला तर ती मरत नाही, हे तिच्या पायाला कळलं. 'फट्' झालं तरी ती दचकेनाशी झाली. शरदचंद्र मात्र दर वेळी दचके.

टेस्टच्या आदल्या संध्याकाळी त्याला राहवेना. त्याने बेल्टवरचं कव्हर सोडवलं, इंजिन हाताने फिरवून खालची खूण जुळवली आणि वर टॉर्च मारला. वरची खूण जुळत नव्हती. जेमतेम एका दाताएवढी मागे होती. बेल्ट चढवताना तो एक दात घसरला होता. ना पेट्रोलचा दोष होता, ना प्लगचा, ना कार्बनचा.

दुरुस्त करायचं तर सगळं पुन्हा उघडायला हवं होतं, तो खालचा बोल्टसुद्धा. सकाळी आठला कल्याणच्या आरटीओत पोचायचं होतं. त्याने कव्हर परत लावलं, हात पुसले आणि घरात आला.

पद्मजा साडीला इस्त्री करत होती. "गाडी ठीक आहे ना?" तिने न बघताच विचारलं.

"ठीक आहे," शरदचंद्र म्हणाला.

त्या रात्री तो जेवला कमी. बायको तिसऱ्यांदा नापास होणार, बढती जाणार, आणि त्याचं कारण आपल्या डोळ्यांनी बघून आपण कव्हर लावून आलोय, हे त्याच्या घशाखाली उतरेना. सांगावं तर तिची झोप जाणार होती. न सांगावं तर त्याची गेलीच होती.

दुसऱ्या दिवशी आरटीओच्या मैदानात ऊन तापेपर्यंत नंबर आला नाही. इन्स्पेक्टर पन्नाशीचे होते आणि सकाळपासून शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्यांचा चेहरा उतरला होता. ते पुढे बसले, रुमाल डोक्यावर टाकला आणि "चला" म्हणाले. गाडीचा मालक म्हणून शरदचंद्र मागच्या सीटवर होता. त्याने दोन्ही हातांनी पुढची सीट घट्ट धरली होती.

पद्मजाने चोक ओढला, पाय दोनदा दाबला, चावी फिरवली, थांबली, पुन्हा फिरवली. गाडी थरथरत उठली. इन्स्पेक्टरांनी रुमाल काढून इकडेतिकडे बघितलं.

मैदानातला आठचा आकडा निघाला. रिव्हर्सही झाला. मग त्यांनी गाडी रस्त्यावर घ्यायला सांगितली आणि पुढच्या पुलाच्या चढावर, बरोबर मध्यावर, थांबवायला सांगितली. शरदचंद्रने डोळे मिटले. गाडी थांबली आणि थांबताच बंद पडली. मागे भाजीच्या टेम्पोने हॉर्न धरला, त्याच्या मागे रिक्षाने.

पद्मजाने हँडब्रेक ओढला. हात बाहेर काढून मागच्यांना थांबायची खूण केली, ती वर्गात शेवटच्या बाकाला करायची तशी, आणि हॉर्न थांबला. मग चोक, पाय, चावी. 'फट्' असा आवाज झाला आणि इन्स्पेक्टर सीटवरून हातभर उडाले.

"काही नाही हो, ती असं करते," पद्मजा म्हणाली, आणि क्लच इतका हलकेच सोडला की गाडी एक इंचही मागे न येता कण्हत कण्हत चढू लागली.

वर आल्यावर इन्स्पेक्टरांनी विचारलं, "बाई, तुम्ही रोज हीच गाडी चालवता?"

"हीच. शिकलेच हिच्यावर."

त्यांनी मागे वळून शरदचंद्रकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मांडीवरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

"पास आहात तुम्ही. ही गाडी जी बाई चालवते ती रोड रोलरही चालवेल," ते म्हणाले. "आता मला इथेच उतरवा. मी चालत जातो."

घरी येताना पद्मजाने गाणं गुणगुणायला सुरुवात केली तेव्हा शरदचंद्रला वाटलं, हीच वेळ बरी आहे. त्याने दाताचं सगळं सांगितलं. आदल्या संध्याकाळचंही सांगितलं. गुणगुणणं थांबलं.

"येत्या रविवारी उघडतो आणि बसवून टाकतो नीट," तो म्हणाला. "मग बघ कशी पळते."

"तुम्ही तिला हात लावायचा नाही," पद्मजा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे त्यावर बोलायला जागा उरली नाही. "आणि चंदरभाईनेही नाही. मला जमलीय ती आता अशी. पुन्हा बदललीत तर मी पुन्हा पहिल्यापासून शिकणार नाही."

जूनमध्ये तिने शाळा सुरू केली. बारवीच्या वाटेवर चढ होते, म्हशी होत्या, आणि गावातली पोरं गाडी दिसायच्या बरीच आधी तिचा आवाज ऐकून प्रार्थनेला रांगेत उभी राहात. आठवड्यात तिला एवढी सवय झाली की ती डबा मांडीवर ठेवून गाडी सुरू करू लागली.

एका सुट्टीच्या दिवशी शरदचंद्रने ठरवलं, की आज मांजर्लीला बहिणीकडे आपण गाडी घेऊन जायचं. बसून चावी फिरवली. चोक ओढून पाहिला, ढकलून पाहिला, पाय दोनदा दाबला, मग चारदा दाबला. पेट्रोलचा वास सुटला, बॅटरी रडायला लागली, आणि विष्णुपंत कार्बनचं सांगायला खाली उतरले. शेवटी पद्मजा हात पुसत बाहेर आली. तो निमूटपणे पलीकडच्या सीटवर सरकला. तिने एकदा चावी फिरवली, थांबली, पुन्हा फिरवली, आणि गाडी निघाली.

त्या दिवसापासून तो पलीकडच्याच सीटवर राहिला. कंपनीची बसही सुटली, कारण शाळेला जाताना पद्मजा त्याला वाटेत कारखान्यावर सोडू लागली. गेटपाशी ती इंजिन चालूच ठेवी. शरदचंद्र डबा घेऊन उतरे, आणि गेटवरचा नाथा आधी बाईंना सलाम ठोकी, मग साहेबांना.

नाथा बदलापूरकडच्या गावचा, सरळ माणूस. काही दिवस त्याने पाहिलं आणि एकदा गाडी वळणाआड गेल्यावर विचारलंच, "सायेब, ती गारी बाईंची हाय का?"

गाडी दिसत नव्हती, तरी आवाज अजून येत होता. शरदचंद्रने तो विरेपर्यंत ऐकला.

"बाईंचीच," तो म्हणाला. "बेल्ट तेवढा माझा."